फोटोसाठी लेकरू थांबत नाही

संक्रांत ते रथसप्तमी हा बोरन्हाणाचा हंगाम. या दिवसांत परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड अशा कुठल्याही गावातल्या स्टुडिओत संध्याकाळी डोकावलं की आत गलका असतो. काळं झबलं घातलेलं लेकरू मध्ये बसवलेलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, हातात हलव्याची बासरी आणि बासरीचं टोक तोंडात. भोवती आई, आजी, मावशी आणि मामा. चौघांच्या चार सूचना: "इकडं बघ", "हस की रे", "काढ ती तोंडातून", आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात, "हलू नको!"

या गर्दीत एकट्या फोटोग्राफरला ठाऊक असतं की लेकरानं न हलण्याची काही गरज नाही. त्याच्या छत्रीतला फ्लॅश उजळून विझतो तो साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात. तेवढ्यात मान वळवणारं मूल फोटोत पुसट होण्याइतकंही सरकत नाही. यंत्रानं लेकरांना हलायची मुभा देऊन कित्येक दशकं झाली. घरच्यांनी ती अजून दिलेली नाही.

एके काळी त्या "हलू नको"ला अर्थ होता. 1839 साली पॅरिसमध्ये दागेर यांची पद्धत जगापुढे आली, तेव्हा चांदीचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायला भर उन्हातही काही मिनिटं लागत. पुढच्या वर्षी व्हिएन्नातल्या पेट्झवाल यांनी कितीतरी जास्त उजेड आत घेणारं भिंग तयार केलं. 1851 मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या काचेची पद्धत आणली आणि मिनिटांचे सेकंद झाले. तरीही ते पुष्कळच होते. बसलेल्या माणसाची मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावत. जुन्या फोटोतली माणसं इतकी ताठ आणि गंभीर का, याचं निम्मं उत्तर त्या लोखंडात आहे.

पण तान्ह्याला लोखंड कसं लावणार? त्यावर युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओंनी काढलेला तोडगा असा की आईनंच खुर्ची व्हायचं. तिला डोक्यापासून पायापर्यंत जाड कापड पांघरायचं आणि तिच्या मांडीवर बाळ बसवायचं. कापडाआडून तिचे हात बाळाला धरून ठेवत आणि फोटोत बाळ कुठल्याशा मऊ आसनावर एकटंच बसल्यासारखं दिसे. निदान दिसावं अशी अपेक्षा असे. आज ते फोटो पाहताना आधी नजरेत भरतं ते बाळ नव्हे, तर त्याच्यामागचा तो माणसाच्या आकाराचा गाठोड्यासारखा उंचवटा. 1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. पुढच्या दहाएक वर्षांत ती सुधारत गेली, उजेड टिपण्याचा वेळ सेकंदाच्या आत आला आणि आईला कापडाखालून बाहेर येता आलं.

परभणी त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (1844–1905) हे त्या काळातलं भारतीय छायाचित्रणातलं सगळ्यांत मोठं नाव. मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे. रुरकीला अभियांत्रिकी शिकले, इंदूरला नोकरी केली आणि मग सिकंदराबादला स्टुडिओ थाटला. 1892 मध्ये त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र जनानी स्टुडिओ काढला. चहूबाजूंनी उंच भिंती, आत काम करणाऱ्याही बायकाच आणि त्यांच्या प्रमुख श्रीमती केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाई. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. फोटो चांगला यायचा तर समोर बसणाऱ्याला परकं वाटता कामा नये, हे दीनदयाळांनी स्त्रियांच्या बाबतीत ओळखलं होतं. लहान मुलांच्या बाबतीत ते ओळखायला अजूनही पुष्कळ स्टुडिओ तयार नाहीत.

त्याच स्टुडिओच्या कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1899-1900 च्या दुष्काळात औरंगाबादच्या परिसरातल्या दुष्काळग्रस्तांची आणि मदतकार्याची छायाचित्रंही दीनदयाळांच्या नावावर आहेत. एकाच दशकात एकाच स्टुडिओच्या भिंगासमोर एकीकडे जरतारी टोपीतली माणसं आली आणि दुसरीकडे हाडं मोजता येतील अशी. दुष्काळातल्या त्या माणसांना तयारी करायला, मुलांचे केस विंचरायला कुणी सांगितलं नव्हतं. फोटो काढून घेणं आणि फोटो काढला जाणं यांतलं अंतर मराठवाड्याच्या वाट्याला असं आलं. मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे त्याच सुमारास परभणीवरून धावू लागली. तरी इथल्या साध्या घरातलं लेकरू स्वतःच्या फोटोसाठी स्टुडिओच्या पडद्यापुढे बसायला अजून पुष्कळ वर्षं जायची होती. मधल्या काळात जत्रा-उरुसांतल्या तंबूतले स्टुडिओ होते. रंगवलेला ताजमहाल, पुठ्ठ्याचं विमान आणि कानाला लावायला तारच नसलेला टेलिफोन. आजच्या पन्नाशी-साठीतल्या कितीतरी जणांचा लहानपणीचा एकमेव फोटो अशा विमानातला आहे.

कापडाखालची आई मात्र पुरती गेलेली नाही. पासपोर्टसाठी चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो घरूनच न्यावा लागतो: साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, मागे पांढरं. चेहरा सरळ, डोळे उघडे आणि चौकटीत दुसरं कुणी नको. चार महिन्यांच्या बाळाकडून हे कसं करून घेणार? एक मार्ग म्हणजे त्याला पांढऱ्या चादरीवर उताणं झोपवून वरून फोटो घेणं. त्यात कॅमेऱ्याचा पट्टा हाताला गुंडाळलेला हवा, कारण बाळाच्या वर काहीही लोंबकळता कामा नये. दुसरा मार्ग तोच, दीडशे वर्षांपूर्वीचा: आई स्टुलावर बसते, तिच्या अंगावर पांढरी चादर टाकतात आणि चादरीआडून ती बाळाची पाठ धरते. एखादं बोट दिसलं तर फोटोवाला ते संगणकावर पुसतो. बाल आधारचं काम त्या मानानं सोपं. पाच वर्षांखालच्या मुलाच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद घेत नाहीत, चेहऱ्याचा फोटो पुरतो आणि कार्ड आई किंवा वडिलांच्या आधारशी जोडतात. ठसे द्यायला पाच वर्षं पूर्ण झाल्यावर जायचं.

हौसेच्या फोटोला असा कुठलाच नियम नसतो आणि तरीही आपण तिथं पासपोर्टची शिस्त लावतो. खरं तर तिथं हुकूम चालतो तो लेकराच्या वयाचा. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला स्पष्ट दिसतं ते वीस ते तीस सेंटिमीटरपर्यंतच, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. सहा फुटांवरून हलवलेला खुळखुळा त्याला ऐकू येतो, नीट दिसत नाही. दीड-दोन महिन्यांचं झालं की ते माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून हसायला लागतं. चौथ्या महिन्याच्या आसपास मान धरते, मग पालथं घालून, कोपरांवर उचललेल्या डोक्याचे फोटो मिळतात. सहा-सात महिन्यांनी ते बसतं आणि फोटोग्राफरच्या दृष्टीनं सुवर्णकाळ सुरू होतो: बसता येतं, पळता येत नाही, आणि अनोळखी माणसाचं वावडं नसतं.

हा काळ फार टिकत नाही. आठव्या-नवव्या महिन्यात बहुतेक मुलं परक्या माणसाला घाबरू लागतात. कालपर्यंत कुणाच्याही कडेवर जाणारं लेकरू आज शेजारच्या काकूंना पाहून भोकाड पसरतं. आपलं कोण आणि परकं कोण हे त्याला कळू लागल्याची ती खूण आहे, म्हणजे वाढ नीट चालली आहे. पण आई-बापाला ते स्टुडिओत कळतं. दिवे, छत्र्या, मोठ्या आवाजात टाळ्या वाजवणारा दाढीवाला माणूस, आणि आईनं तर मांडीवरून उतरवून दूर ठेवलेलं! रडणं हा त्यावरचा अगदी योग्य अभिप्राय आहे. अशा वेळी शहाणा फोटोग्राफर पहिली दहा-पंधरा मिनिटं कॅमेऱ्याला हात लावत नाही. जमिनीवर बसतो, लेकराकडे न पाहता आईशी बोलतो, हातातला चेंडू सरकू देतो. चेंडू लेकरानं परत ढकलला की काम सुरू. घाई असलेल्या दुकानात हे होत नाही, म्हणून लग्नसराईच्या ऐन दिवशी लेकराला नेऊच नये.

जावळाचे फोटो बहुधा याच वयात किंवा पुढं तिसऱ्या वर्षी येतात. आमच्याकडे लेकरू मामाच्या मांडीवर बसतं, आणि माझ्या मते मामाची मांडी ही जगातल्या कुठल्याही स्टुडिओतल्या खुर्चीपेक्षा सरस आहे. लेकराला आधार मिळतो, हात मोकळे राहतात आणि फोटोत मामाही येतो. जावळाआधीचा फोटो मात्र सकाळी, केस काढायच्या पुष्कळ आधी घ्यावा. वस्तऱ्यानंतर रडून सुजलेले डोळे दिवसभर तसेच राहतात.

तीन वर्षांच्या मुलाची अडचण वेगळीच. ते हसतं, पण "फोटोतलं" हसतं: दात दाखवून, मान ताणून. गियोम द्युशेन या फ्रेंच वैद्यानं 1862 मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंवर एक ग्रंथ काढला, आणि तोही चक्क छायाचित्रं लावून. खऱ्या हसण्यात ओठांच्या कोपऱ्यांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळतो आणि तो सहसा ठरवून आवळता येत नाही, असं त्यानं दाखवलं. "चीज म्हण" या आज्ञेनं फक्त तोंड रुंदावतं. डोळे हसवायचे तर खरंच काही गमतीचं घडायला हवं. बाबांनी डोक्यावर टोपडं घालून शिंकण्याचं नाटक केलं तर डोळे हसतात. पण त्याला बाबांची तयारी लागते.

उरलेली तयारी साधी आहे. झोप आणि पोट ही दोन्ही गणितं जुळलेली असावीत: झोपून उठल्यावर आणि दूध पचल्यावरची वेळ. जरीचा टोचणारा कपडा शेवटच्या पाच मिनिटांत घालावा. उन्हाळ्यात परभणीचा पारा चव्वेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा दुपारी दोनची वेळ घेणं म्हणजे रडं विकत घेणं. थंडीतही बेतानं. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत काही हिवाळ्यांत पाच अंशांखालचं तापमान नोंदवलं गेलं आहे, आणि "विद्यापीठात हिरवळीवर सकाळच्या धुक्यात छान येतात" हे ऐकून उघड्या हातापायांच्या तान्ह्याला तिथं नेणारेही असतात.

आता बोरन्हाणाच्या फोटोकडे परत जाऊ, कारण तो छायाचित्रणातला खरोखर अवघड प्रकार आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. काळा कपडा आणि त्यावर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने. समोरचं दृश्य एकंदरीत मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालणं, हा कॅमेऱ्याच्या उजेड मोजण्याचा पाया आहे. चौकटीत काळंच जास्त दिसलं की तो समजतो अंधार आहे, आणि उजेड वाढवतो. काळं झबलं राखाडी होतं आणि हलव्याचे काटे, ज्यांसाठी आईनं किंवा हलवावाल्या बाईंनी तासन्‌तास परात हलवली, ते एका पांढऱ्या ठिपक्यात विरघळून जातात. उपाय दोन. उजेड मुद्दाम थोडा कमी करायचा. मोबाइलवर असाल तर पडद्यावर हलव्यावर बोट ठेवा आणि उजेडाची खूण खाली सरकवा. दुसरं, दिवा समोरून न लावता बाजूनं लावायचा, म्हणजे प्रत्येक दाण्याची बारीक सावली पडते आणि काटा दिसतो. घरी हेच काम खिडकीशेजारी होतं. खिडकीत ऊन थेट येत नसावं. उत्तरेची खिडकी सगळ्यांत बरी. वीज येण्याआधीचे स्टुडिओ अशाच उत्तरेच्या उजेडावर चालत. मोठ्या खिडकीचा उजेड मऊ असतो आणि तिचं प्रतिबिंब डोळ्याच्या बुबुळात चमकतं. ती चमक नसेल तर चेहरा कितीही गोड असो, फोटो निस्तेज वाटतो.

एक गोष्ट फोटोशी संबंधित नाही, तरी सांगतो. बासरीवरचा हलवा, बोरं, भुईमुगाचे दाणे, हरभरे हे सगळं लहान मुलाच्या घशात अडकू शकतं, आणि सगळ्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे असतं तेव्हाच ते तोंडात जातं. डोक्यावरून लूट ओतताना एका माणसानं फोटो, व्हिडिओ काहीही न करता फक्त लेकराच्या तोंडाकडे पाहावं. तसंच, रडू थांबावं म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. त्यातल्या जिवाणूंमुळे क्वचित गंभीर आजार होतो.

गालावरच्या तीटेचाही प्रश्न असतो. पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिलीनं टचिंग करणारे कारागीर असत, ते माणूस पाहून ठरवत. आजच्या सॉफ्टवेअरला तीट म्हणजे डाग. ते ती झटक्यात साफ करतं आणि आजी फ्रेम हातात घेऊन विचारते, "तीट कुठं गेली?" ठेवायची असेल तर आधीच सांगावं. काजळ मात्र डोळ्यांत घालू नये, असंच डॉक्टर सांगतात.

फ्लॅशनं बाळाचे डोळे जातात, ही भीती पुष्कळ घरांत आहे. नेहमीच्या फ्लॅशनं डोळ्यांना इजा होत नाही. बाळ दचकतं एवढंच. अगदी डोळ्यांपुढे धरून तो उडवू नये, हे झालं सौजन्य. उलट फ्लॅशचा एक उपयोग प्रत्येक आई-बापाला माहीत असायला हवा. भिंगाला लागून असलेल्या फ्लॅशचा उजेड बाहुलीतून आत जातो, डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्यावरून परततो आणि फोटोत बाहुल्या लाल दिसतात. ते निरोगी आहे. पण दोन्हींतली एक बाहुली लाल आणि दुसरी पांढुरकी किंवा पिवळट चमकत असेल, आणि वेगवेगळ्या फोटोंत पुन्हापुन्हा तसंच दिसत असेल, तर लेकराला लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्यावं. कधी तो नुसता कोनाचा परिणाम असतो, कधी मोतीबिंदू असतो, आणि कधी रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे पाच वर्षांखालच्या मुलांत मुख्यतः आढळणारा डोळ्याचा कर्करोग. लवकर सापडला तर तो बरा होतो, पुष्कळदा नजरही वाचवता येते. स्टुडिओच्या फोटोत हे सहसा दिसत नाही, कारण तिथला फ्लॅश छत्रीत, बाजूला असतो. दिसतं ते मोबाइलच्या फ्लॅशमध्ये. बाहुल्या आपोआप काळ्या करणारी सोय मोबाइलमध्ये चालू असेल तर तीच ही खूण पुसून टाकते.

अलीकडे नवजात बाळांच्या फोटोंची लाट परभणीपर्यंत आली आहे. टोपलीत, भोपळ्यात, पाकळ्यांत झोपलेली बाळं. ही शैली जगभर पोचवण्यात ऑस्ट्रेलियाच्या ॲन गेडिस यांचा मोठा वाटा. त्यांचं 'डाऊन इन द गार्डन' हे पुस्तक 1996 चं. पहिल्या दोन आठवड्यांत बाळ गाढ झोपतं आणि पोटातल्यासारखं मुटकुळं करून राहतं, म्हणून फोटोग्राफरना ते दिवस हवे असतात. नेमके तेच दिवस आपल्याकडे सव्वा महिन्याच्या आत येतात आणि बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. या बाबतीत मी आजीच्या बाजूनं आहे. इतक्या लहान बाळाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही आणि बाहेरचा संसर्ग झेपत नाही. हौसच असेल तर फोटोग्राफरला घरी बोलवावं, हात धुवायला लावावेत, पंखा बंद ठेवावा. आणि हनुवटीखाली दोन्ही हात टेकवून स्वतःचं डोकं पेलणाऱ्या बाळाचा तो प्रसिद्ध फोटो पाहून "आमच्याही बाळाचा असाच" असा आग्रह धरू नये. तो एक फोटो नसतो. एकात कुणीतरी डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं. मग दोन्ही जोडून धरणारे हात पुसतात. पुन्हा तेच, लपलेले हात. हे जोडकाम न येणारा माणूस बाळाला खरोखरच तसं बसवू पाहतो, आणि तिथं त्याला थांबवायला घरचंच कुणी जवळ असावं लागतं.

फोटो दुकानाच्या काचेत किंवा त्यांच्या इन्स्टाग्रामवर लावायचा का, हे आपण ठरवायचं असतं. पैसे देतानाच स्पष्ट सांगावं. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदाही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. नाव, शाळा आणि चेहरा एकत्र कुठंच जाऊ नये. उघड्या अंगाचे, न्हाऊ घालतानाचे फोटो घरातच बरे.

शेवटी राहतो तो कागद. 1970-80 च्या दशकांतले रंगीत फोटो आल्बममध्ये बंद असूनही तांबूस का पडले? त्या काळच्या कागदातला निळसर रंग अंधारातही हळूहळू विरत जाई आणि मागं लाल-पिवळा उरे. त्याआधीचे कृष्णधवल फोटो चांदीच्या कणांचे, ते नीट धुतलेले असतील तर अजून ठणठणीत आहेत. आजचे छापील फोटो जुन्या रंगीत फोटोंपेक्षा पुष्कळ टिकाऊ आहेत, पण छापतो कोण? स्टुडिओच्या संगणकातली फाइल काही महिन्यांनी जागेअभावी जाते, मोबाइल पडतो, पासवर्ड विसरतो. शंभर फोटोंतले पाच तरी छापून घ्यावेत, मूळ फाइल मागून दोन ठिकाणी ठेवाव्यात. लॅमिनेशन करू नये. ते सुटायला लागलं की फोटोही सोबत नेतं. फोटोच्या मागं बॉलपेननं लिहिलं तर दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पाझरते. मऊ पेन्सिल घ्यावी, कडेला हलक्या हातानं तारीख, गाव, लेकराचं वय आणि ते कुणाच्या मांडीवर बसलं आहे त्याचं नाव लिहावं.